माडीवरच्या खोलीची पाहुणी

बुरोंडीच्या वरच्या अंगाला, गलबतांवर श्रीमंत झालेल्या एका व्यापाऱ्याने बांधलेला चिऱ्याचा जुना बंगला आहे. पुण्याच्या एका गृहस्थांनी तो विकत घेऊन पाहुण्यांच्या राहण्याची सोय केली, तेव्हापासून मी तिथलं स्वयंपाकघर सांभाळते. पाहुणे समुद्रासाठी येतात त्याहून जास्त भुतासाठी येतात. घरातली धाकटी सून मागच्या विहिरीत गेली आणि माडीवरच्या पश्चिमेच्या खोलीत भर दुपारी तिच्या बांगड्या वाजतात, असं गावात सांगतात. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ टाकला आणि ती खोली सगळ्यात आधी भरायला लागली.

मला मात्र चार वर्षांत त्या खोलीत पाल चुकचुकलेली ऐकू आली, तेवढीच. म्हणून भुतापेक्षा मला त्या मुलीचंच कुतूहल. गावातल्या म्हाताऱ्यांना मी खोदून खोदून विचारायची. तिचं लुगडं कुणी हिरवं सांगे, कुणी जांभळं. तिला बाहेर कुणी काढलं, असं विचारलं की सगळे "तळ कुठाय त्या विहिरीला?" म्हणून विषय संपवायचे.

मागच्या दिवाळीनंतर एक आजी आल्या. ऐंशीच्या आसपासच्या, ताठ पाठीच्या, सोबत फक्त गाडीचा ड्रायव्हर. त्यांना तीच खोली हवी होती.

"आजी, जिना चढवेल का? खाली दुसरी खोली आहे."

"सतरा पायऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. "वरून तिसरी उंच आहे, तेवढी सांभाळली की झालं."

मी रोज तो जिना चढते, पण पायऱ्या कधी मोजल्या नव्हत्या. त्यांच्या मागून मनात मोजत गेले. सतराच भरल्या.

जेवण झाल्यावर त्या विहिरीपाशी आल्या. मी पाणी काढत होते.

"इथलं भूत काय काय करतं गो?"

मी सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी ती मन लावून ऐकली.

"लुगडं जांभळंच होतं," त्या म्हणाल्या. "पण विहिरीत नाही गेले मी. हर्णैच्या बंदरात गेले."

सांगायला लाज वाटते, पण मी आधी त्यांच्या पावलांकडे बघितलं. सरळ होती.

मग मी कळशी खाली ठेवली आणि तिथेच बसले. त्या सांगत गेल्या. लग्न झालं तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. नवरा मुंबईला. तिथे त्याचं दुसरं बिऱ्हाड आहे हे सहा महिन्यांनी कळलं. सासऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "पुरुषांचं चालायचंच. तू वर जाऊन बस." माहेरी आई नव्हती. दारावर मासे घेऊन येणारी एक बाई तेवढी आपुलकीने बोलायची. एका पहाटे तिनेच त्यांना स्वतःबरोबर हर्णैपर्यंत चालत नेलं आणि मुंबईच्या बोटीत बसवलं. मुंबईत त्या नर्स झाल्या, नोकरी केली, पुन्हा लग्न काही केलं नाही.

"मग विहिरीची गोष्ट कुठून आली?"

"सासऱ्यांनी केली असणार. पळालेल्या सुनेपेक्षा बुडालेली सून बरी. भाचीच्या मुलीने मोबाइलवर हे घर दाखवलं तेव्हा मला कळलं, मी मेलेय ते." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "त्या मासेवालीचं कुणी आहे का गं इथे?"

त्या काळी बंगल्यावर कुणाच्या घरचे मासे यायचे, याचा मला अंदाज होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना खालच्या वाडीत घेऊन गेले. ती बाई कधीच वारली होती, पण तिची सून सुकट वाळत घालत अंगणात बसली होती. तीही आता म्हातारी. बंगल्याचं नाव काढताच ती म्हणाली, "आमच्या सासूनंच तर आवाज आयकलान ना विहिरीत! पहिली बोंब तिनंच मारलीन."

आजींनी माझ्याकडे बघितलं. "कधी?"

"त्याच दिवशी. बंगल्याचे मालक बंदरावर माणसं पाठवत होते, तेवढ्यात ही ओरडत आली, म्हणे विहिरीत धप्पकन वाजलं. मग सगळे विहिरीकडेच धावले."

आजी ओट्यावर बसल्या. मग त्यांनी आपण कोण ते सांगितलं. त्या बाईने सुकटीचे हात पदराला पुसले आणि त्यांच्या तोंडावरून फिरवले. "आमच्या म्हातारीनं आम्हालापण कळू दिलं नाही गो," एवढंच ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. चहा पिताना आजींनी तिच्या सासूचं नाव विचारून घेतलं.

परतताना गाडीत आजी खिडकीबाहेर बघत होत्या. चढ लागला तेव्हा म्हणाल्या, "साठ वर्षं सासऱ्यांना शिव्या दिल्या बघ. आणि जिने वाचवलं, तिचं नाव मला आज कळलं."