काकूंनी झाडून ठेवलेलं घटनास्थळ

माझ्या नोकरीतल्या बहुतेक केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. चोर एका केसमधला आणि गाडी दुसऱ्या केसमधली असा माझा गोंधळ होतो, आणि जेवणाच्या टेबलावर बायको मला दुरुस्त करते. एक घटना मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. ती सांगताना बायकोही मध्ये बोलत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. न्यू जर्सीत, आयसेलिनपासून जवळच्या एका गावात मी पोलिसात होतो. ओळखीच्या मराठी घरांतली मुलं डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हायची. मी वडिलांबरोबर शाळकरी वयात इकडे आलो, काही काळ इंजिनिअरिंग केलं, आणि मग इंजिनिअरिंगनेच मला नम्रपणे घरी पाठवलं. पोलिसात भरती झालो तेव्हा नागपूरला आजोळी ‘तो गव्हर्नमेंटमध्ये आहे’ एवढंच कळवण्यात आलं. ठाण्यात भारतीय मी एकटाच. त्यामुळे भारतातून आलेला कोणीही, मग तो तामिळ बोलणारा असो की पंजाबी, माझ्यासमोर आणून बसवत. मी मान डोलावायचो आणि बाकीच्यांना वाटायचं, काम चाललंय.

आमच्या गावात भारतीय किराण्याचं एकच दुकान होतं. ते चालवणारे काका आणि काकू मूळचे पुण्याचे. डाळी, मसाले, गोडा मसाला, आणि मराठी मंडळाच्या सगळ्या बातम्या तिथे मिळत. काका गल्ल्यामागे एका उंच स्टुलावर बसत. पाठीशी फळी, फळीवर तांदळाच्या कापडी पिशव्या. त्या पिशव्यांना पाठ टेकून ते दिवसभर सगळ्या जगाला सल्ले देत.

एका हिवाळ्यातल्या दुपारी तिथे गोळी झाडली गेली.

मी पोचलो तेव्हा काका खुर्चीत बसले होते, मनगट सुजलेलं, स्वेटरची बटणं तुटलेली. त्यांच्याभोवती मंडळाचे सात-आठजण आमच्याही आधी हजर. जबाब मी काकांचा घ्यायला बसलो, पण तो मंडळाने मिळून दिला. काका एक वाक्य बोलले की कार्यवाह त्यात सुधारणा सुचवत आणि खजिनदार अनुमोदन देत. सार एवढंच निघालं: दुकानात एकच गिऱ्हाईक होतं, सावळा, तरुण, भारतीय नव्हे. तो अचानक गल्ल्यावरून झेपावला, काकांना धरून खाली आपटलं, गोळी झाडली आणि बाजूच्या दाराने पळाला. काहीही न घेता.

काकू तेव्हा मागच्या खोलीत होत्या. त्यांनी फक्त आवाज ऐकला.

आम्ही गोळी शोधली. भिंती पाहिल्या, छत पाहिलं, सार्जंटसाहेब शिडीवर चढले. गोळी नाही, भोक नाही. दुकान मात्र लख्ख होतं. फरशी पुसलेली, पिशव्या ओळीत लावलेल्या, देवापाशी उदबत्ती, आणि आम्हा चौघांना चहा. मी मनात म्हणालोसुद्धा, इतकं नीटनेटकं घटनास्थळ उभ्या नोकरीत पाहिलं नाही. त्यापुढचा विचार करणं हे माझं काम होतं, पण चहा आल्याचा होता.

दोन दिवसांनी ठाण्यात निनावी फोन आला. एक बाई मराठीत म्हणाल्या, “बाळा, मी नाव सांगणार नाही हं. आईचा गुडघा कसा आहे?” साडीच्या दुकानातल्या मावशींचा आवाज मी झोपेतही ओळखला असता. गुडघ्याची हालहवाल झाल्यावर त्यांनी खबर दिली. तसा दिसणारा एक मुलगा लॉण्ड्रीच्या वरच्या खोलीत राहतो, हॉटेलात भांडी घासतो, आणि त्या दिवसापासून कामावर गेलेला नाही. मी त्यांना नाव न विचारता धन्यवाद दिले. त्याही म्हणाल्या, “रविवारी जेवायला या दोघं.”

आम्ही त्याला ताब्यात घेतलं. विशीतला, बारीक. दार उघडल्यावर त्याने काही विचारलं नाही, नुसते दोन्ही हात पुढे केले. काकांनी त्याला ओळख परेडमध्ये क्षणात ओळखलं. बंदूक सापडली नाही, पण पळून गेलेला माणूस आणि ठाम साक्षीदार एवढ्यावर आमच्या वरिष्ठांचं समाधान झालं होतं.

मध्य अमेरिकेतल्या एका छोट्या देशातून तो आला होता. तिथे तेव्हा यादवी चालू होती. कागदपत्रं नव्हती. आमचे सार्जंट पोर्टोरिकोचे, त्यांना स्पॅनिश येत असे. त्यांनी त्याच्या घरमालकिणीकडून माहिती काढली की ह्याच्या थोरल्या भावाला गणवेशातले लोक घरातून घेऊन गेले आणि तो परत आला नाही. हाही त्यांच्या यादीत होता म्हणतात. म्हणजे इथे गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग, आणि त्यानंतर विमानात बसवून थेट त्या लोकांच्या हाती. सार्जंट मला म्हणाले, याचा खटला आपण चालवतोय, पण शिक्षा दुसरेच देणार.

चौकशीची खोली मला पाठ आहे. तो पहिल्या दिवशी आत आला आणि दाराकडे पाठ होईल अशा खुर्चीवर बसेना. मी खुर्ची बदलली. सार्जंटने त्याचे हक्क वाचून दाखवले, गप्प राहण्याचा हक्क आहे हेही सांगितलं. तो त्याने लगेच बजावायला घेतला. वकील हवा का, यावर मान हलवली: नको. मी उठलो की तो दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवायचा. मी कॉफी दिली, घेतली नाही. डोनट पुढे केला, तोही नाही. मग माझ्यातला मराठी यजमान जागा झाला आणि मी आग्रह करू लागलो. सार्जंट म्हणाले, “अरे, आपण चौकशी करतोय की पाहुणचार?”

प्रश्न तेच. दुकानात कशाला गेलास. काकांना का धरलंस. पळालास का. बंदूक कुठे. मी विचारायचो, सार्जंट स्पॅनिशमध्ये विचारायचे, तो भिंतीकडे पाहायचा. मग मी पुन्हा पहिल्यापासून. माझं चौकशीचं तंत्र म्हणजे आईचं भाजी वाढायचं तंत्र होतं. नको म्हटलं की जरा थांबायचं आणि पुन्हा विचारायचं.

काकूंचा जबाब राहिला होता. त्या प्रसंगाच्या वेळी मागच्या खोलीत होत्या म्हणून कोणी तो महत्त्वाचा मानला नव्हता. फाइल पूर्ण करायची म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. काकू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी परात घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सहज म्हटलं की अमेरिकेतले तांदूळ निवडावे लागत नाहीत.

“हे दुकानातले रे. त्या दिवशी पिशवी फुटली ना. सगळे फरशीवर. टाकवतात का तांदूळ? म्हणून घरी आणले.”

“त्या दिवशी म्हणजे गोळी झाली त्या दिवशी?”

“तर काय. तुम्ही चार पोलीस यायचे, आणि दुकानभर तांदूळ पसरलेले. लाज वाटेल माणसाला. यांच्या हाताला बर्फ लावला आणि आधी झाडून घेतलं. पुसलं. फाटकी पिशवी काढून दुसरी लावली तिथे.”

मी विचारलं, पिशवी कुठे ठेवलेली होती. त्या म्हणाल्या, हे पाठ टेकतात ना, तिथेच. पिशवी आहे का? आहे तर. त्यांनी कपाटातून कापडी पिशवी काढली, धुऊन, घडी घालून ठेवलेली. तिचं भोक त्यांनी बारीक टाक्यांनी रफू केलं होतं. इतकं सुंदर काम की लॅबवाल्यांनी नंतर त्याचे फोटो काढले. मी हळूच विचारलं की तांदूळ निवडताना त्यात काही सापडलं का.

“खडा सापडला एक, हा एवढा. काळाशिट्ट. मी ठेवलाय जपून. त्या घाऊकवाल्याला दाखवणार आहे, म्हणावं काय माल पाठवतोस.”

वाटीत झाकून ठेवलेली ती गोळी मी पाकिटात घालून घेतली. काकूंना खरं सांगितल्यावर त्या परातीकडे बघत बसल्या, आणि मग म्हणाल्या की आता हे तांदूळ खायचे की नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना दुकानात स्टुलावर बसवलं. मंडळाला बाहेर ठेवलं, त्यासाठी दारात एक शिपाई लागला. पिशवी मूळ जागी ठेवली. रफूची जागा बरोबर काकांच्या छातीमागे येत होती. दारापासून दोरी ताणली तर ती काकांच्या तिसऱ्या बटणापाशी जायची.

“काका, तुम्ही खाली पडला होतात तेव्हा गोळी झाडली, असं तुम्ही सांगितलंत.”

“हो. मी पडलो आणि मग आवाज झाला. शंभर टक्के.”

“मग गोळी इथे वर कशी?”

काका म्हणाले, ते शोधणं तुमचं काम. पुण्याचा माणूस सहजी हलत नाही. मग मी गल्ल्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, त्याने तुम्हाला कसं धरलं ते माझ्यावर करून दाखवा. काकांनी सुजलेला हात सांभाळत माझे दोन्ही खांदे पकडले.

“दोन्ही हातांनी?”

“दोन्ही. बटणं तुटली बघ ना. पडेपर्यंत सोडलं नाही. आवाज झाला तेव्हाही धरलेलंच होतं.”

“मग काका, बंदूक कोणत्या हातात होती?”

काकांचे हात माझ्या खांद्यांवरच राहिले. ते माझ्याकडे बघत होते, मग दाराकडे, मग मागे वळून त्या पिशवीकडे. माझ्या गणवेशावरची पकड जरा घट्ट झाली. “त्याच्या हातात बंदूक नव्हतीच रे,” ते म्हणाले. मंडळाच्या कोणत्याही सभेत त्यांनी आपलं म्हणणं मागे घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी आणि सार्जंट सरळ कोठडीकडे गेलो. या वेळी मी प्रश्न विचारला नाही. गोळीचा फोटो टेबलावर ठेवला आणि सार्जंटला सांगायला लावलं की तू त्या म्हाताऱ्याला वाचवलंस हे आम्हाला कळलंय. त्याने फोटो पाहिला आणि पहिल्यांदा बोलला. बोलला तो थांबेचना.

तो मिरच्या घ्यायला गेला होता, त्याच्या गावच्या मिरच्यांसारख्या काकांकडे मिळत. बाहेर गाडी थांबल्याचं ऐकू आलं. इंजिन चालू राहिलं, दार उघडल्याचा आवाज आला, पण बंद केल्याचा आला नाही. त्याच्या देशात अशी गाडी आली की लहान मूलही जमिनीवर आडवं होतं. दार उघडं ठेवणाऱ्याला लगेच पळायचं असतं. तो खाली झाला, पण समोर म्हातारा तसाच ताठ बसलेला, म्हणून त्याला ओढलं. आत आलेला लुटारू त्या हालचालीने बिचकला, त्याने गोळी झाडली आणि पळाला. हाही पळाला, कारण गोळीनंतर गणवेशातले येतात आणि जो समोर दिसेल त्याला नेतात. आम्ही तेच केलं होतं.

त्याने गाडीचा आवाज आणि पळताना दिसलेला तिचा फुटलेला मागचा दिवा सांगितला. त्यावरून खरे दोघे, लुटारू आणि बाहेर गाडी चालू ठेवणारा त्याचा साथीदार, आठवड्याभरात सापडले.

सुटकेच्या दिवशी काका-काकू ठाण्यात आले. काकांनी मराठीत जे सुरू केलं ते बराच वेळ चाललं. त्यात त्यांचं तारुण्य होतं, त्यांचा स्वभाव होता, आणि मंडळाचा दोष होता. मी त्याचं इंग्रजीत दोन वाक्यांत केलं. सार्जंटने स्पॅनिशमध्ये एका शब्दात. तो मुलगा मान हलवून काकांच्या मनगटाकडे पाहत काही बोलला. ते त्याच रस्त्याने परत आलं: म्हातारा माणूस, मी जरा हळू ओढायला हवं होतं, दुखतंय का फार?

काकांनी चष्मा काढला. काकू म्हणाल्या, “आता रडत काय बसलात, त्याला घरी चल म्हणा.” तो गेला, जेवला, आणि पुढे अनेक वर्षं जात राहिला. निर्वासितांना मदत करणाऱ्या एका चर्चच्या वकिलांनी त्याच्या कागदपत्रांसाठी जी धडपड केली ती वेगळी गोष्ट, पण त्याला परत जावं लागलं नाही.

त्या दिवशी काकूंच्या घरून मी त्याला खोलीवर सोडायला निघालो. गाडीत आम्ही दोघंच. मोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, “तुम्ही मला खूप प्रश्न विचारले.”

मी ओशाळलो आणि सॉरी म्हटलं.

“नाही,” तो म्हणाला. “माझ्या भावाला कोणी काही विचारलं नाही. नुसतं नेलं. तुम्ही रोज तेच विचारत होता, डोनट देत होता. मला वाटलं, मारायचं असेल त्याला कोणी इतकं विचारत नाही.”

भारतातून फोन आला की नातेवाईक अजून विचारतात, तिकडे फार धोका असतो ना? बंदुका आमच्या गावातही होत्या, ते मी नाकारत नाही. पण देश राहण्याच्या लायकीचा आहे की नाही हे मी त्या दिवसापासून वेगळ्या गोष्टीवरून ठरवतो: गणवेशातला माणूस दारात आला की तो काही विचारतो का, आणि उत्तरासाठी थांबतो का.

निवृत्त होईपर्यंत खात्यातली नवी मुलं माझ्याकडे चौकशी शिकायला यायची. माझ्याकडे शिकवण्यासारखं एवढंच होतं: विचारत राहा. समोरचा गप्प असला तरी तो ऐकत असतो. आपण जगणार की नाही, हे तो तुमच्या प्रश्नांवरून ठरवत असतो.