विकासची पोस्ट ‘ब्लो अप’ झाली

मंडळी, आज घरी जे झालं ते लिहिते.

मी पलूसच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. माझा धाकटा दीर विकास फौजेत आहे, सध्या सीमेवर. आज सकाळी घरच्या ग्रुपवर पुण्याहून नणंदेच्या मुलीचा, प्राचीचा मेसेज आला: “विकासमामाची पोस्ट ब्लो अप झालीय!”

पोस्ट म्हणजे चौकी. ब्लो अप म्हणजे स्फोटात उडणं. हाच अर्थ मी मुलांना कितीदा शिकवलाय. माझ्या तोंडून ‘विकास’ एवढंच निघालं.

सासूबाई शेजारीच भाजी निवडत होत्या. “काय गं, विकासचं काय आलंय? सांग की.”

मी विकासला फोन लावला. तो बंद. “आवं आत्या, थांबा जरा,” असं सासूबाईंना म्हणत मी प्राचीला फोन लावला.

ती चक्क हसत होती. “अगं मामी, मामानं सुट्टीत उसात म्हटलेल्या गाण्याचा व्हिडिओ टाकलेला ना? ती पोस्ट ब्लो अप झाली, म्हणजे एकदम गाजली!”

मी सासूबाईंना सगळं समजावलं, पण त्यांना पटेना. “त्येचा आवाज ऐकल्याबिगर मी जेवणार न्हाई.”

दुपारी तीनला विकासचा फोन आला. “आये, जेवलीस का?” सासूबाई फोन कानाला धरून नुसत्या रडत राहिल्या.

उद्या वर्गात मी दुसरा अर्थही शिकवीन. पण पहिला सांगताना आजची सकाळ आठवेल. तुमच्या घरचं कुणी फौजेत असेल तर सांगा, असा मेसेज वाचून तुमच्या मनात आधी कुठला अर्थ आला असता?