बाबांच्या हजार पौर्णिमांचं गणित

माझं गणित कच्चं आहे हे आमच्या घरात कुणी लपवून ठेवलेलं नाही. नव्या पाहुण्यालाही चहाबरोबर ते सांगितलं जातं. त्यामुळे बिबवेवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये कॉम्प्युटर आला, पाठोपाठ कुरकुरत जोडलं जाणारं इंटरनेट आलं आणि त्यावर आपोआप हिशोब करणारी एक वेबसाइट मला सापडली, तेव्हा माझ्या आयुष्यात जणू उशिरा का होईना शिकवणी लागली. चौघांच्या खिरीचं माप अकरा माणसांना किती, बैठकीच्या खोलीला पडद्याचं कापड किती, गॅसचं सिलिंडर किती दिवस पुरलं, सगळं मी तिला विचारू लागलो.

“अहो, अकरा जणांची खीर मी डोळ्यांनी करते,” बायको म्हणायची. “तुम्ही फक्त जेवायला या.”

बाबांना यंत्र लागत नसे. पावकी-निमकीचे पाढे तोंडपाठ असलेला माणूस तो, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला. मी बटणं दाबेपर्यंत ते उत्तर सांगून पुन्हा पेपर उघडत.

त्या गणपतीत बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा विषय निघाला. आयुष्यात हजार पौर्णिमा पाहून झाल्या की माणसाचा सोहळा करायचा, ओवाळायचं, गोड जेवण घालायचं. आमच्या गुरुजींना तारीख विचारली तर ते म्हणाले, “एक्क्याऐंशीच्या आतबाहेर, तुमच्या सोयीनं.” माझ्या धाकट्या बहिणीला हे ‘आतबाहेर’ चालणारं नव्हतं. ती अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये. तिकडून फोनवर म्हणाली, “दादा, मला नक्की तारीख हवी. ऑक्टोबरात आमचं मोठं काम आहे, तेव्हा कुणी सोडणार नाही. एप्रिलमध्ये दोन आठवडे मिळतील. त्यानंतर वर्षभर रजेचं नाव काढायचं नाही.”

तीन वर्षं ती आली नव्हती. बाबा फोनजवळच्या खुर्चीत बसून हे ऐकत होते. ऐकत नसल्यासारखं दाखवून.

मी कामाला लागलो. बाबांच्या पेन्शनच्या कागदांवरून जन्मतारीख घेतली, एक जून. पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस आणि वर थोडं. त्याला गुणिले हजार. तेवढे दिवस जन्मतारखेत मिळवा म्हणून वेबसाइटला सांगितलं. आली की आठ एप्रिल! म्हणजे लगेच पुढची चैत्री पौर्णिमा. बहिणीच्या रजेत अगदी चपखल. मी तो कागद छापला आणि फ्रिजवर चिकटवला.

बाबांनी चष्मा लावून तो वाचला. “अधिक महिने धरलेत का तुझ्या यंत्रानं?”

“बाबा, ते थेट दिवसच मोजतं. चूक होणं शक्य नाही.”

“बरं,” बाबा म्हणाले.

पुण्यात ‘बरं’ ऐकल्यावर माणसानं सावध व्हायला हवं. मी पेढ्यांची चौकशी करायला गेलो.

एप्रिल उजाडला. बहीण आली, दोन दिवस झोपली, उठली. सोहळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी लोणी काळभोरहून आत्या आली. बाबांची थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी, कान शाबूत, डोळे त्याहून शाबूत. पाणी प्यायला म्हणून फ्रिजपाशी गेली ती कागदासमोरच उभी राहिली.

“ह्ये जून कुनी लिवलं?”

“आत्या, बाबांची जन्मतारीख आहे ती.”

“आरं, जूनात कुठला? त्याच्या आदल्या हिवाळ्यात, दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिशी झालाय ह्यो. थंडीनं माजे दात वाजत हुते आन् मला म्हनत हुते, झोळी हलीव. हलीवली की मी!”

“पण शाळेच्या दाखल्यावर...”

“शाळंत मास्तरनं समद्यांनाच एक जून लावली. शाळा जूनात उघडायची, मग पोरंबी जूनातच जन्मायची!”

दर एक जूनला मी बाबांना आणि तीन काकांना शुभेच्छा देत आलो होतो. चार भाऊ एकाच तारखेला जन्मले, ही आमच्या घराण्याची खासियत आहे असं मी ऑफिसात अभिमानानं सांगितलंही होतं.

बहिणीनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. तिचं गणित चांगलं आहे. “म्हणजे हजारावी कोजागिरीला झाली? गेल्या ऑक्टोबरात?” तिचा चेहरा पडला. “दादा, मी सहा महिने उशिरा आले!”

उद्या चाळीस माणसं जेवायला येणार होती, ती माझ्या चुकलेल्या उत्तरावर. आणि बाबांसाठी एवढ्या लांबून आलेली मुलगी स्वयंपाकघराच्या दारात रडायच्या बेतात उभी होती.

“उशीर कसला?” बाबा खुर्चीतून म्हणाले. “ऑक्टोबरात तुला रजा नव्हती. मी ऐकलं होतं.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“माझा जन्म आहे. मला माहीत नसेल?”

“मग कागद लावला तेव्हा बोलला का नाहीत?”

“पन्नाशीत पहिल्यांदा तू एखादं उत्तर छातीठोकपणे देत होतास. शिवाय ते एप्रिलात येत होतं.” त्यांनी पेपरची घडी घातली. “बरोबर उत्तर घेऊन मी काय करणार होतो?”

कोजागिरीला त्यांनी मसाला दुधाचा दुसरा पेला मागून घेतला होता, ते मला आता आठवलं. साखर वाढेल म्हणून मी त्यांना बोललोही होतो.

बहीण जाऊन त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली. एरवी ‘खुर्ची मोडेल’ म्हणणारे बाबा थोडे सरकून बसले. आत्या म्हणाली, “ह्यो ल्हानपनापास्नं आतल्या गाठीचा हाय,” आणि पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी सोहळा ठरल्याप्रमाणे झाला. गुरुजींनी संकल्पाच्या आधी विचारलं, “हजार पूर्ण झाल्या ना आजोबा?”

“झाल्या,” बाबा ताठ बसत म्हणाले. “वर सहा आहेत, त्या माझ्या मुलाकडून.”

ओवाळणाऱ्या माझ्या बहिणीला इतकं हसू आलं की निरांजन विझलं आणि मला काडेपेटी शोधायला धावावं लागलं.