मुलगी चिडली तर

आई फोनशी बोलायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. एरवी भाजीवाल्याला "ए भैया, बराबर तौल ना" म्हणणारी, माझ्यावर "काहून उशीर केला वं?" म्हणून डाफरणारी आई फोन तोंडासमोर आडवा धरायची, घसा साफ करायची आणि वर्गात इन्स्पेक्टर आल्यासारखी विचारायची, "गुडघे दुखत असल्यास काय करावे?" पहिल्यांदा तिनं आपल्या बोलीत विचारून पाहिलं होतं, "माहे गुडघे काहून दुखून राहिले?" फोननं भलतंच काहीतरी दाखवलं. तेव्हापासून तिची समजूत झाली, की फोनच्या आत कुणीतरी पुण्याकडचं शिकलेलं माणूस बसलंय आणि त्याच्याशी नीट बोलायला पाहिजे. मी हसायचे. ती म्हणायची, "हास. तुले तं तेवढंही येत नाई."

ते खरंच होतं. बाबा रेल्वेत होते. आई अचलपूरकडची. लग्न होऊन ती रायपूरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आली, तेव्हा आजूबाजूची निम्मी घरं विदर्भातली होती. मी मात्र इथेच जन्मले, हिंदी शाळेत गेले. आईबाबा मराठीत बोलायचे, मी हिंदीत उत्तर द्यायचे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. मराठी वाचता यायचं, ते आईच्या दिवाळी अंकांच्या थप्पीमुळे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुसरं वाचायला असायचंच काय? मग छत्तीसगढ राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, बाबा निवृत्त झाले, आम्ही समता कॉलोनीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो, मला नव्या रायपुरातल्या एका कार्यालयात नोकरी लागली आणि बाबा गेले. आईच्या बाजूनं पाहिलं तर या सगळ्याचा अर्थ एवढाच, की घरात तिच्याशी मराठीत बोलणारं माणूस उरलं नाही.

राजधानी झाल्यावर शहरात नवे मराठी लोक आले. पुण्याचे, नाशिकचे, मोठमोठ्या हुद्द्यांवरचे. त्यांच्या बायकांनी महिला मंडळ काढलं. शंकर नगरातली एका इंजिनियरची बायको अध्यक्ष झाली. आमच्या रेल्वेवाल्या बायका तिथल्या हळदीकुंकवाला जायच्या, पण तोंड उघडायच्या नाहीत. आपली मराठी अर्धी वऱ्हाडी, अर्धी हिंदी, याची त्यांना मनातून लाज वाटायची. त्या लाजेतून आईनं एक न्याय काढला होता: शुद्ध मराठीत असेल ते खरं. फोनवर हिंदीत आलेला उपाय ती एका नजरेत उडवून लावायची. "हे बजारातलं हाय. तेल विकणाऱ्यानं लिवलं असन." तोच उपाय मराठीत आला, की चष्मा लावून दोनदा वाचायची. "पाय, किती शुद्ध लिवलं हाय. शिकल्याबिगर असं लिवता येते का?" आणि मंडळाच्या ग्रुपवर तो अध्यक्षबाईंनी टाकला असेल, मग तर विचारायलाच नको.

त्यात फोनवरच्या आरोग्याच्या एका पानावर तिचा फार जीव जडला होता. ते चालवणाऱ्या बाईला ती नुसतं 'ताई' म्हणायची. रोज सकाळी त्या पानावर यायचं, 'नमस्कार सख्यांनो, कशा आहात? चहा झाला का?' आणि मग काढे, लेप, पथ्यं. आई गॅसपाशी उभी राहून मोठ्यानं उत्तर द्यायची, "झाला बाई, झाला." मी डबा भरत असायचे, बसची घाई असायची, मला हसू यायचं. चहा झाला का, असं तिला दिवसभरात दुसरं कुणी मराठीत विचारत नव्हतं.

उन्हाळा नुकताच लागला होता. धुणं वाळत घालताना आईच्या ब्लाऊजवर मला पिवळे डाग दिसले. एका नाही, सगळ्या ब्लाऊजांवर, आणि सगळ्यांवर डाव्याच बाजूला, काखेपाशी.

"आई, ये हल्दी कैसे लगी?"

"फोडणी देता देता लागली असन."

फोडणी काय काखेत देतात? मी मागेच लागले. शेवटी, विरजण लावून ठेवलंय हे सांगावं इतक्या सहज तिनं सांगितलं, "थोडीशी गाठ हाय. दुखत नाई. ताईनं लिवलं हाय, न दुखणारी गाठ म्हंजे नुसती उष्णता. लेपानं विरघळते."

"कब से है?"

"संक्रांतीच्या आधीपासून."

मी चिडले. आमच्या घरात प्रेम, काळजी, भूक, सगळं चिडण्याच्याच वाटेनं बाहेर पडतं. हे मी बाबांकडून घेतलं. मी आईला वेडी म्हटलं, ताईला लबाड म्हटलं, फोन फेकून देईन म्हटलं. आई लेपाची वाटी धुवत राहिली. तिनं दुखणं अंगावर काढलं असं लोक नंतर म्हणाले, ते मला कधीच पटलं नाही. ती तर मनापासून इलाज करत होती. रोज आंघोळीनंतर, न चुकता.

त्यानंतर मी तिला पटवण्याचा सपाटा लावला. हिंदी पानं दाखवली, इंग्रजी पानं वाचून अर्थ सांगितला. "हे दवाखान्यावाल्यांचं हाय. त्याइचा धंदाच हाय तो." एका डॉक्टरचा व्हिडिओ लावला. आईनं पदर सावरून मान वळवली. "हा बाप्या असं खुलेआम कसा बोलून राहिला वं?" मी विचारलं, तुझी ताई कुठल्या कॉलेजात शिकली? "तिची भाषा पाय ना," आई म्हणाली. पालथ्या घड्यावर पाणी. समता कॉलोनीत आमच्या मागच्याच गल्लीत ओळीनं दवाखाने होते, पण हिंदीतून, परक्या माणसाला छातीबद्दल सांगायचं कसं, ही तिची खरी अडचण. ती तिनं एकदाही तोंडानं सांगितली नाही. उलट मलाच म्हणाली, "तू नुसती चिडून बोलते. ताई किती गोड सांगते." मग आमचं बोलणंच बंद झालं. "डबा भरला हाय" एवढंच काय ते.

मला भीती वाटत होती. गाठ म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच शब्द होता, आणि तो मी घरात एकदाही उच्चारला नाही. सकाळी नव्या रायपूरच्या बसमध्ये खिडकीशी बसून रडायचे. त्या बसमध्ये सगळे झोपलेले असतात, त्यामुळे सोयीचं होतं.

ऑफिसात पुण्याहून आलेली एक सहकारी होती. एकदा जेवताना तिनं विचारलं, डबा न खाताच का परत नेता हो रोज? माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या आई शुद्ध मराठीवर विश्वास ठेवतात ना? मग शुद्ध मराठीतच सांगा की." ती चेष्टेनं म्हणाली होती. मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसले.

सही सोडली तर मराठीत मी जन्मात काही लिहिलं नव्हतं. 'नमस्कार सख्यांनो, चहा झाला का?' इथपर्यंत सोपं गेलं, तो चोरीचाच माल होता. पुढे अडत अडत लिहिलं: 'स्तनात किंवा काखेत गाठ लागली, तर ती दुखो वा न दुखो, डॉक्टरांना दाखवावी. दुखत नाही म्हणून ती साधी आहे असे समजू नये. लेप लावून वाट पाहू नये. बाई डॉक्टरकडे जावे. सांगायला संकोच वाटला तर नुसते बोट दाखवावे, पुढचे त्या विचारतील.' सहकारी शेजारी बसून ऱ्हस्वदीर्घ सुधारत होती. मग मी एक ओळ लिहिली, जी लिहायचं काही ठरलं नव्हतं: 'घरात मुलगी चिडली, तर ती घाबरली आहे असे समजावे. तिच्याबरोबर जावे.' सहकारीनं ती वाचली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

अध्यक्षबाईंना मी फोन केला. त्यांनी काय, कशाबद्दल, काहीच विचारलं नाही. "पाठवा ना, टाकते. मी आलेलं सगळंच टाकते." मी मजकूर फोनवर उतरवून पाठवला. वर दोन गुलाब, खाली जोडलेले हात लावून त्यांनी तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला, आणि खाली बायकांच्या नमस्कारांची रांग लागली.

संध्याकाळी घरी आले, तर आई चष्मा लावून खाटेवर बसलेली.

"उद्या सुट्टी भेटन का तुले?"

"क्यों?"

"दवाखान्यात जाऊ. बाई डॉक्टर पाय."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिले. मला वाटलं, जिंकले.

डॉक्टर माझ्याहून लहान होती, छत्तीसगढी. तिनं विचारलं, "का होगे, अम्मा?" आईनं नुसतं बोट दाखवलं. डॉक्टरनं तपासलं. तिचा चेहरा हलला नाही, पण हात काखेत गेला आणि तिथेच थांबला. "पहले काबर नइ आय, अम्मा?" आधी का नाही आलात, एवढंच तिनं विचारलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मग सोनोग्राफी झाली, सुईची तपासणी झाली, मोठ्या इस्पितळात जाणं झालं. रोग काखेतून पुढे गेला होता. संक्रांतीला आला असतात तर, असं कुणी स्पष्ट म्हणालं नाही. मीही विचारलं नाही.

इलाज पावसाळाभर चालला. आईचे केस गेले, चव गेली, हातावरची शीर सापडेनाशी झाली. मी ताईला रोज शिव्या घालत होते. आईनं एकदाही घातली नाही. "तिलेही कोनी तरी तसंच सांगतलं असन," म्हणाली. पण ते पान तिनं पुन्हा उघडलं नाही. सकाळी गॅसपाशी आता कुणी कुणाला उत्तर देत नव्हतं.

एका दुपारी सलाईन लावलेलं होतं. मला वाटलं ती झोपली आहे. डोळे मिटूनच ती म्हणाली, "तो मेसेज तूच लिवला होता ना?"

"कौन-सा?"

"बनू नको. वाचल्याबरोबर समजलं मले."

"कैसे?"

"चिडलेली पोट्टी घाबरलेली असते, हे त्या शंकर नगरच्या बायाइले काय ठाऊक? तुह्या बापाचंही तसंच होतं. मले ताप आला का ते सगळ्या घरावर भडकत."

मी म्हटलं, मालूम था तो फिर गई क्यों? मेसेज अध्यक्षबाईचा नाही हे कळलं होतं, मग विश्वास कशावर ठेवलास?

आईनं डोळे उघडले. "माही पोरगी माह्यासाठी एवढं मराठीत लिवते, आन् मी जाऊ नाई?"

मी बोलायला तोंड उघडलं, तर हिंदी येईना. मग मी म्हणाले, "आई, चहा घेतेस का?"

आई हसली. हसल्यावर खोकला आला, नर्स धावत आली. "आता बोलली पोट्टी," ती नर्सला म्हणाली. नर्सला काही कळलं नाही.

त्यानंतर आम्ही दोघी मराठीतच बोललो. मी चुकायचे, ती सुधारायची नाही. बोलायला वेळ फार मिळाला नाही. पुढची संक्रांत तिनं पाहिली नाही. मंडळाच्या बायका भेटायला आल्या, आणि आमच्या रेल्वेवाल्या बायका त्यांच्यासमोर पहिल्यांदाच आपल्या बोलीत मोठ्यानं रडल्या.

आई गेली त्याला काही महिने झाले होते. तिची धाकटी बहीण, माझी अमरावतीची मावशी, हिच्याकडून एक दिवस माझ्या फोनवर मेसेज आला. 'नमस्कार सख्यांनो, चहा झाला का?' माझाच होता. कुठून कुठून फिरून आला होता कोण जाणे, गुलाबांच्या जागी कमळं लागली होती. मी वाचत शेवटापर्यंत आले. मुलीची ओळ नव्हती. कुणाला तरी ती फालतू वाटली असेल, काढून टाकली. तिच्या जागी लिहिलं होतं, 'तोपर्यंत हळदीचा लेप सुरू ठेवावा.' आणि खाली मावशीनं स्वतः विचारलं होतं, 'हे खरं हाय का वं? शुद्ध तं खूप लिवलं हाय.'

मी लगेच फोन लावला.

"मावशी, हे मले काहून पाठवलं?"

"असंच. तू शिकलेली, म्हनून विचारलं."

"तुले कुठी गाठ हाय का?"

तिच्या घरात कुकरची शिट्टी झालेली मला ऐकू आली.

"मावशी, मी विचारून राहिली."

"दुखत नाई वं," मावशी म्हणाली.

आणि मी चिडले.