सिस्टरांचं काही चुकलं नव्हतं

“पाय पुढं कर गं,” म्हणत सिस्टर खाली बसायच्या आणि गरोदर बाईच्या घोट्यावर अंगठा दाबून धरायच्या. सुजेत खळगा पडला की बीपीचं मशीन मागवायच्या. अशा सिस्टर तुम्हीही पाहिल्या असतील. आमच्या सिस्टरांचा अंगठा सहसा चुकत नसे.

नेवासा तालुक्यातल्या एका दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होतो. गरोदर बायांच्या रक्तातली काही प्रथिनं तपासण्याचं संशोधन तिथं चालू होतं. रक्त सिस्टर काढायच्या. सुई टोचताना विचारायच्या, “सकाळी काय खाल्लं?” कुणी चहा-बटर म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. “चहा-बटरावर दोन जीव कसं जगायचं गं?”

एकदा जेवताना डॉक्टर मॅडम आम्हाला समजावत होत्या. रोगाशी लढणाऱ्या पेशी या प्रथिनांतून एकमेकींना निरोप देतात. काही गरोदरपणात ते निरोप चुकतात, बाळाला पोसणाऱ्या वारेला रक्त नीट पोचत नाही, आईचं बीपी चढतं.

सिस्टरांचा घास हातातच राहिला. “आठव्या महिन्यात मूल पोटातच जातं, ते यानंच?”

“यानंही जातं.”

“बाईनं वझं उचललं, काही खाल्लं, म्हनून न्हाई?”

“नाही हो. तिचं काही चुकलेलं नसतं.”

सिस्टरांनी डबा झाकला. हात धुताना मला म्हणाल्या, “माझी तीन गेली अशीच. सासूबाई तीस वर्षं म्हनत्यात, तूच खाल्लीस.” ती सासू आता अंथरुणाला खिळलेली होती. तिला न्हाऊ-जेवू घालूनच सिस्टर ड्युटीवर यायच्या.

“आज सांगते त्यांना,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं. “सांगितलं. म्हनल्या, आता कशाला उकरतीस.”

पुढं महिन्याभरात बेलापूरकडची एक पोर आली. बीपी फार चढलेलं. ती वाचली, बाळ गेलं. तिची सासू वॉर्डातच तिला बोल लावायला लागली. सिस्टर खाटेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. “तिचं काई चुकलं न्हाई,” हळूच म्हणाल्या. म्हातारी पुन्हा बोलली, सिस्टरांनी पुन्हा तेच म्हटलं. ती गप्प होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

गेल्या पौषात एका सकाळी सिस्टर घरीच कोसळल्या. बीपी वाढून मेंदूत रक्तस्राव झाला होता. गरोदरपणात ज्यांचं बीपी चढतं, त्यांचं पुढं जन्मभर बघावं लागतं, असं मॅडमनी आम्हाला सांगितलेलं होतं. पण सिस्टरांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. त्यांनाही नाही.

दहाव्याला त्यांच्या घरी गेलो. सासू खाटेवर होती. मी दवाखान्यातला, हे कळल्यावर तिनं विचारलं,

“समद्या बायांचं रगत तपासत हुता ना तुमी? आमच्या सुनंचं तपासलं का कधी?”

“नाही,” मी म्हणालो.

तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. पाण्याचा तांब्या तिच्या हाताला पोचत नव्हता. मी तो जवळ सरकवला आणि निघालो.