बुरख्यातले सूर्यभक्त

सूर्यावर मी इतकी कधीच चिडले नव्हते. बाबा जन्मभर रोज सकाळी महाल भागातल्या आमच्या घराच्या अंगणात त्याला अर्घ्य देत आले, त्याची बारा नावं खणखणीत म्हणत आले. फुप्फुसाचा कर्करोग बळावला आणि तिसऱ्या नावालाच त्यांना धाप लागू लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आजार जाणार नाही, पण श्वास मोकळा होईल. औषध टोचून दोन दिवसांनी नळीतून आत लाल उजेड सोडायचा आणि श्वास अडवणारी गाठ जाळायची. मात्र त्या औषधाने कातडीला ऊन सोसत नाही, म्हणून महिनाभर ऊन बंद. देवानं भक्ताला असं तोंड लपवायला लावावं का, असं मी बाबांना विचारलंच. ते हसले. "काहून चिडून राहिली वं? त्याचाच उजेड तर आत सोडून राहिले."

उपचार होऊन आठ दिवसांनी इस्पितळातून सुट्टी मिळाली, पण कागदपत्रांत अकरा वाजले. बाहेर एप्रिलचं ऊन. घरी थेट देवापुढे जायचं म्हणून मी पांघरायला सोवळ्याचं पांढरं धोतर नेलं होतं. सिस्टरने ते उजेडात धरलं, तर पलीकडची खिडकी दिसली. "यात भाजतील ते," ती म्हणाली. मला रडू कोसळलं. सोवळ्याच्या नादात अक्कल घरीच राहिली होती.

बाकावरून एक अनोळखी बाई उठली. तिची सासू आत भरती होती आणि सासूचा जाड काळा बुरखा हिच्या पिशवीत होता. "बेटी, अब्बा को ये ओढ़ा दो." कडक सोवळं पाळणारे बाबा आता काय म्हणतात, म्हणून मी धास्तीने त्यांच्याकडे पाहिलं. बाबांनी हात पुढे केला. "दे इकडे. त्यानंच धाडला असन."

सायकलरिक्षात मी घरापर्यंत हसत होते आणि रडतही होते.

दुसऱ्या सकाळी बाबांनी अर्घ्याचा तांब्या माझ्या हाती दिला आणि स्वतः काळे पडदे लावलेल्या खोलीत बसले. मी अंगणात उभी राहिले. आतून नावं सुरू झाली. तिसरं झालं, चौथं झालं. मी पाण्याची धार धरायचीच विसरले. सातवं, आठवं, आणि बारावंही झालं. मध्ये एकदासुद्धा धाप नाही.

बाबा पुढे पाच महिनेच होते, पण बारा नावं रोज म्हणत होते. शरण जायचं म्हणजे पुढे आलेलं पांघरूण न कुरकुरता घ्यायचं, एवढंच मला त्यांच्याकडून कळलं. त्या पहिल्या सकाळी, त्या बाईंना परत द्यायचा बुरखा धुऊन अंगणातल्या दोरीवर वाळत होता. मी पाणी सोडलं ते सूर्याला, आणि हात जोडले ते सूर्य आणि बुरखा, दोघांना.