गाभोळीच्या आशेने आणलेला कटला

अंबरनाथच्या बाजारात गाभोळीचा, म्हणजे माशाच्या अंड्यांचा, वास आला की मला माझा एक शहाणपणा आठवतो. लेक बाळंतपणासाठी आमच्या कात्रपच्या घरी आली होती. मेव्हण्याच्या तळ्यातला कटला तिनं चाटूनपुसून खाल्ला, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी पुन्हा तळ्यावर गेलो आणि सगळ्यांत पोट फुगलेला मासा निवडला. "यात गाभोळी ठासून भरलीय," असं मेव्हण्याला छातीठोकपणे सांगितलंही. घरी मोरीत बसून पोट चिरलं, तर आतून पांढऱ्या फितीसारखा हातभर लांब जंत निघाला, आणि तो वळवळत होता. दारात उभी असलेली लेक एवढंच म्हणाली, "बाबा, काल मी त्याच तळ्यातला खाल्ला." तिचा हात पोटावर गेला होता. मी ओल्या हातानंच मत्स्य खात्यातल्या एका ओळखीच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "कालचा मासा साफ करून पूर्ण शिजवला होता ना? मग काही होत नाही." पण मासा विरघळेल, पातेलं लवकर उतरव, असा धोशा काल मीच बायकोमागे लावला होता. साहेब तिकडून हॅलो हॅलो करत होते आणि मी घाबरून बायकोकडे बघत होतो. नात आता शाळेत जाते, पण बायकोचा तो शांत आवाज मला अजून ऐकू येतो: "चांगलं रटरटवलं होतं मी. तुमचं ऐकून या घरात कधी कालवण झालंय का?"